पहिले मत कोणाचे?

शंका : माझा मुलगा आणि सून न्यू जर्सीत एडिसनला असतात, दोघेही आता तिथले नागरिक आहेत. २०२४ च्या प्रायमरीत त्यांनी मत दिले, पण राष्ट्राध्यक्षपदापुरते ते वाया गेले असे त्यांना वाटते. हे खरे आहे का? (एक वाचक, सांगली)

समाधान : खरे आहे, आणि त्यांची खंत रास्त आहे. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवण्यासाठी अमेरिकेत राज्याराज्यांत पक्षांची प्रायमरी (मतदान) किंवा कॉकस (स्थानिक सभा) होते. हा क्रम जानेवारी-फेब्रुवारीत सुरू होतो आणि जूनपर्यंत लांबतो. न्यू जर्सीची पाळी आली ४ जून २०२४ ला. बायडेन आणि ट्रम्प या दोघांनीही आपापल्या पक्षात, उमेदवार निवडणाऱ्या प्रतिनिधींचे बहुमत १२ मार्चलाच गाठले होते. ट्रम्प यांच्या शेवटच्या मोठ्या प्रतिस्पर्धी निकी हेली तर ६ मार्चलाच बाहेर पडल्या होत्या.

त्याच ४ जूनला आपल्याकडे लोकसभेची मतमोजणी झाली. आपले मतदानही ७ टप्प्यांत झाले होते. नागपूरने १९ एप्रिलला मत दिले, मुंबईने २० मे रोजी. पण नागपूरची यंत्रे ४ जूनपर्यंत सीलबंद राहिली आणि शेवटचा टप्पा संपेपर्यंत एक्झिट पोलवरही बंदी होती. त्यामुळे मुंबईकराचे मत नागपूरकराच्या मताइतकेच ताजे राहिले. अमेरिकेत मात्र प्रत्येक टप्प्याची मोजणी त्याच रात्री सुरू होते. जिंकलेल्याकडे देणग्या आणि कॅमेरे धावतात, मागे पडलेल्याचा पैसा आटतो आणि तो माघार घेतो. सुरुवातीच्या मतदारापुढे आठ-दहा नावे असतात, शेवटच्यापुढे अनेकदा एकच. अन्यायाचे मूळ इथे आहे, टप्प्यांत नाही.

तरीही मुला-सुनेला सांगा की जूनची प्रायमरी टाळू नका. त्याच मतपत्रिकेवर इतर पदांचेही उमेदवार ठरतात. २०२४ मध्ये न्यू जर्सीच्या सिनेट जागेसाठी अँडी किम यांना डेमोक्रॅटिक उमेदवारी त्याच दिवशी मिळाली.

शंका : आयोवा आणि न्यू हॅम्पशायर यांना या क्रमात पहिल्या मतदानाचा मान कोणी दिला? तिथल्या घटनेत तशी तरतूद आहे का? (नागरिकशास्त्राच्या शिक्षिका, सातारा)

समाधान : घटनेत याबद्दल एक अक्षर नाही, त्या घटनेत राजकीय पक्षांचाच उल्लेख नाही. तारखा राज्यांचे कायदे आणि पक्षांचे नियम ठरवतात, आणि या दोघांची सतत ओढाताण चालते.

१९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री यांनी एकही प्रायमरी न लढवता डेमोक्रॅटिक उमेदवारी मिळवली. त्या संतापातून पक्षाने नियम बदलले आणि निवडीचा हक्क सामान्य मतदारांकडे आला. आयोवाची पद्धत अनेक पायऱ्यांची. गावपातळीपासून राज्य अधिवेशनापर्यंत जायला वेळ लागतो, म्हणून १९७२ मध्ये तिथला कॉकस लवकर घेतला गेला. चार वर्षांनी तिथे 'अनिर्णित' राहणाऱ्यांची संख्या जिमी कार्टर यांच्या समर्थकांहून जास्त होती. तरी वृत्तपत्रांनी कार्टर यांनाच विजयी ठरवले, आणि त्यानंतर प्रत्येक इच्छुक आयोवाच्या वाऱ्या करू लागला. न्यू हॅम्पशायर तर १९२० पासून पहिली प्रायमरी घेते. इतर कोणत्याही राज्याच्या तशा निवडणुकीआधी किमान सात दिवस आपली व्हावी, असा कायदाच तिने केला आहे.

२०२० च्या जनगणनेनुसार आयोवाची लोकसंख्या सुमारे ३२ लाख, न्यू हॅम्पशायरची १४ लाखांहून कमी, आणि कॅलिफोर्नियाची साडेतीन कोटींहून बरीच जास्त. शिवाय पहिली दोन्ही राज्ये बहुतांश गोरी. २०२० मध्ये बायडेन आयोवात चौथे आणि न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे आले होते. कृष्णवर्णीय मतदारांच्या बळावर साउथ कॅरोलायनाने त्यांना सावरले. म्हणून २०२४ साठी डेमोक्रॅटिक पक्षाने साउथ कॅरोलायनाला पहिला क्रमांक दिला. न्यू हॅम्पशायरने तो मानला नाही आणि २३ जानेवारीलाच मतदान घेतले. बायडेन यांचे नाव मतपत्रिकेवर नव्हते. समर्थकांनी ते हाताने लिहिले आणि बायडेन जिंकले.

रांग मोडणाऱ्याला पक्ष शिक्षा करतात. २००८ मध्ये फ्लोरिडा आणि मिशिगन यांनी तारखा अलीकडे ओढल्या, तेव्हा डेमोक्रॅटिक पक्षाने त्यांच्या प्रतिनिधींचे मत आधी काढून घेतले, मग अर्धे दिले आणि पूर्ण मत अधिवेशनाच्या वेळीच परत केले. यात तोटा झाला तो त्या तारखा न ठरवलेल्या मतदारांचा.

शंका : मग साऱ्या देशात एकाच दिवशी प्रायमरी का घेत नाहीत? (महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

समाधान : वुड्रो विल्सन यांनी १९१३ मध्येच देशव्यापी प्रायमरी सुचवली होती. मला ती पटत नाही. एकाच दिवशी पन्नास राज्यांत प्रचार करायचा तर आधीच प्रसिद्ध किंवा धनाढ्य असलेलाच टिकेल. बराक ओबामा यांना २००८ मध्ये आयोवात दारोदार फिरून जिंकता आले, आणि गोऱ्या राज्यात हा माणूस जिंकू शकतो हे देशाला दिसले. छोट्या राज्यापासून सुरुवात करण्यात गुण आहे. त्याच त्या राज्यांपासून कायम सुरुवात करण्यात नाही.

राज्यांच्या सचिवांच्या राष्ट्रीय संघटनेने देशाचे चार विभाग करून, दर निवडणुकीत त्यांचा क्रम फिरवण्याची योजना मांडली आहे. मला ती सर्वांत न्याय्य वाटते. मात्र तिच्या मूळ आराखड्यात आयोवा आणि न्यू हॅम्पशायर यांना सूट होती. ती सूट काढल्याशिवाय योजनेला अर्थ नाही, आणि त्यासाठी न्यू हॅम्पशायरच्या विधिमंडळाला आपला कायदा मागे घ्यावा लागेल.