पाकिटामागचं बारीक अक्षर

25 जुलै 2024च्या पहाटे खडकवासला धरणातून पाण्याचा विसर्ग 35 हजार क्युसेकच्या घरात गेला आणि पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत, निंबजनगरात तळमजले बुडाले. आम्ही धायरीकर चढावर, म्हणून कोरडे. माझं औषधांचं दुकान, त्यामुळे मदतीला निघालेल्यांचा फोन आला तो असा : "काका, तुमच्याकडे गोळ्या आहेतच. बसा गाडीत."

ताप, जुलाब, जखमा धरून दोन खोकी भरली होती. चिखल उपसताना पायाला कापलेले बरेच आले, त्यांना धनुर्वाताचं इंजेक्शन लागलं. पण निम्मी रांग वेगळीच होती. "बीपीची ती छोटी पांढरी गोळी द्या." कसली पांढरी? निम्म्या गोळ्या पांढऱ्याच असतात! फाइली, चिठ्ठ्या, डबे सगळं वाहून गेलेलं.

बरोबरच्या डॉक्टरबाई तपासून लिहून देत होत्या. गर्दी वाढली तसा मी परस्पर द्यायला लागलो. इथंच चुकलो. एका आजोबांनी भिजलेल्या पाकिटाचा तुकडा दाखवला. ग्लिमेपिराइड, साखरेची गोळी. रोजच हाताळतो, लगेच काढून दिली. आदल्या दिवशी दुसऱ्या एका गटानं त्यांना हेच औषध दिलं होतं, फक्त कंपनी दुसरी, पाकिटाचा रंग दुसरा. आजोबांना वाटलं, औषधं दोन आहेत. सकाळी दोन्ही घेतली. स्वयंपाकघर चिखलात, त्यामुळे पोटात नुसता चहा.

अकराच्या सुमारास घामानं निथळत ते असंबद्ध बोलू लागले. सूनबाईंना वाटलं, दगदगीनं झालं असेल. डॉक्टरबाईंनी बोटातून रक्त घेऊन पाहिलं तर साखर 42. गिळता येत होतं म्हणून साखरपाणी पाजलं, आजोबा सावरले. मी म्हटलं, आता झोपू दे त्यांना. बाई माझ्यावर ओरडल्या, आणि बरोबरच ओरडल्या. या गोळीचा अंमल दिवसभर राहतो, साखर पुन्हा उतरते. रुग्णालयात रात्रभर ठेवावं लागलं.

म्हणून सांगतो, पूरग्रस्तांत औषधं वाटायला जाल तेव्हा पहिला प्रश्न "काय होतंय?" नको, "काल कुणी काय दिलं?" हा विचारा. पिशवी उलटी करायला लावा. पाकिटावरचं ठळक नाव बहुतेकदा कंपनीनं दिलेलं असतं. औषधाचं मूळ नाव बारीक अक्षरात असलं तरी शोधा आणि तेच मराठीत, मार्करनं, जाड लिहून द्या : कशासाठी, केव्हा, जेवणाआधी की नंतर. एक कागद माणसाच्या खिशात, एक नोंद तुमच्या वहीत. डॉक्टरनं पाहिल्याशिवाय साखरेची आणि रक्त पातळ करणारी गोळी देऊ नका, रांग कितीही लांबू दे. पुराच्या पाण्यात बुडालेलं इन्सुलिन तर सरळ टाकायला सांगा, कुपी वरून स्वच्छ दिसली तरी.

लेप्टोस्पायरोसिस, म्हणजे लेप्टो, होऊ नये म्हणून देतात त्या डॉक्सिसायक्लिनचंही तसंच, डॉक्टरला विचारूनच. 26 जुलै 2005च्या पावसानंतर मुंबईत लेप्टोनं माणसं गेली, तेव्हापासून हे नाव सगळ्यांच्या तोंडी आहे. प्रसादासारखं वाटणारेही पाहिले! गरोदर बाईला आणि आठ वर्षांखालच्या मुलाला ते चालत नाही. त्यांचं डॉक्टर ठरवतील. बाकीच्यांनीही खाऊन, भरपूर पाण्याबरोबर घ्यावं आणि लगेच आडवं होऊ नये, नाहीतर अन्ननलिका भाजल्यासारखी होते.

आणि एकदा जाऊन फोटो काढून परतू नका. लेप्टोचा ताप बहुतेकदा पाच ते चौदा दिवसांनी येतो, तोवर मदतीच्या गाड्या गेलेल्या असतात. आम्ही दहाव्या दिवशी पुन्हा गेलो तेव्हा रांग नव्हतीच, घरोघर फिरावं लागलं. वही होती म्हणून कुणाचं दार वाजवायचं ते कळलं. आजोबांच्या घरी मला चहा मिळाला, बिनसाखरेचा.

मार्कर मात्र पेटीत सगळ्यात वर ठेवा. आमचा पहिल्या दिवशी कापसाच्या गठ्ठ्याखाली होता, संध्याकाळी सापडला.