विहिरीच्या काठावर

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शाळेने आम्हांला एक छापील कागद दिला होता. त्यावर नाव, इयत्ता, आवडीचे विषय असे लिहिण्यास जागा होती व सर्वांत खाली प्रश्न होता, 'दहावीनंतर आपण काय करू इच्छिता?' त्यापुढे एकच ठिपक्यांची ओळ. मी नववीत होतो. मी त्या ओळीवर 'इंजिनिअर' असे वळणदार अक्षरात लिहिले. माझ्या शेजाऱ्याने तेच लिहिले होते आणि त्याच्या शेजाऱ्यानेही. कोणी कोणाचे पाहून लिहिले हे आता सांगता येणार नाही.

सुट्टीत माझी आतेबहीण आमच्या घरी आली. आम्ही सर्व तिला ताई म्हणतो. ती पुण्यास महाविद्यालयात तिसऱ्या वर्षाला होती व भूशास्त्र हा तिचा मुख्य विषय होता. आमच्या आजीच्या मते ती 'दगडांचे शिक्षण' घेत होती आणि दगड पाहण्यासाठी पैसे भरून पुण्यास जाण्याची आवश्यकता काय, हे तिला अखेरपर्यंत उमगले नाही. पुरंदर तालुक्यात दगडांची कधी वाण पडली आहे काय?

ताईने माझा कागद वाचला आणि विचारले, "इंजिनिअर सकाळी कामावर गेल्यापासून संध्याकाळपर्यंत काय करतो रे?"

मी गप्प राहिलो. मला मोठी इमारत दिसत होती, डोक्यावर पिवळे शिरस्त्राण दिसत होते. पण ते शिरस्त्राण घातलेला मनुष्य दिवसभर काय करतो, ते काही केल्या दिसेना.

"मग तू कामाचे नाव लिहिलेस, काम नाही लिहिलेस," ती म्हणाली. "चल, मळ्यात जाऊन येऊ."

आमच्या मळ्यात जुनी विहीर आहे. पलीकडे अंजिराची झाडे आणि त्यांच्याही पलीकडे बांधाजवळ एक लोखंडी नळी जमिनीतून हातभर वर आलेली आहे. ती नळी घरात कोणी सहसा बोलून दाखवीत नसे. दोन वर्षांपूर्वी बाबांनी तेथे बोअर घेतली होती. एका पाणाड्याने तळहातावर नारळ ठेवून शेतात फेऱ्या घातल्या. नारळ जेथे उभा राहिला तेथे खूण केली. तीनशे फूट खोल गेले तरी पांढऱ्या भुकटीशिवाय काही वर आले नाही. खर्च मात्र फुटाच्या हिशोबाने झाला. आईच्या पाटल्या तेव्हापासून सराफाकडे गहाण होत्या. म्हणूनच मी इंजिनिअर व्हावे, चार पैसे मिळवावेत, असे घरात सर्वांच्या मनात होते आणि माझ्याही मनात होते.

ताई जुन्या विहिरीच्या काठावर बसली व तिने मला आत वाकून पाहण्यास सांगितले. ती विहीर मी जन्मापासून पाहत आलो होतो. पण त्या दिवशी मी ती पहिल्यांदा वाचली. वर दोन हात माती, तिच्याखाली मुरूम, मुरमाखाली छिद्राछिद्रांचा खडक, ज्याला विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात, मग तांबड्या मातीचा एक अरुंद पट्टा आणि त्याखाली काळा, अखंड कातळ.

"हा सारा कातळ म्हणजे एके काळचा तप्त रस आहे," ताई सांगू लागली. "सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून तो बाहेर आला, पसरला आणि निवला. मग त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. दोन थरांच्या मधल्या काळात वरच्या पृष्ठभागाची झीज होऊन जी माती झाली, ती पुढच्या रसाखाली भाजली गेली; तोच हा तांबडा पट्टा. महाराष्ट्राचा फार मोठा भाग अशाच थरांनी झाकलेला आहे. आता सांग, यात पाणी कोठे राहील?"

मी छिद्रांच्या खडकाकडे बोट दाखविले.

"अर्धे बरोबर. छिद्रे एकमेकांना जोडलेली असली, किंवा खडकाला भेगा असल्या, तरच पाणी वाहते. मुरमात पाणी राहते, भेगांत राहते. अखंड काळ्या कातळात ते जवळजवळ नसतेच. म्हणून एका विहिरीला पाणी असते व शंभर पावलांवरची कोरडी निघते. आणि म्हणूनच खोल गेले की पाणी लागतेच, हा समज आपल्याकडे पुष्कळांना महाग पडतो."

मी बांधाजवळच्या नळीकडे पाहिले. तीही पाहत होती. दोघेही काही बोललो नाही.

मग मात्र मला प्रश्न सुचू लागले. इतके दिवस मी तिला 'अभ्यास कठीण असतो का?' एवढेच विचारीत असे आणि ती 'असतो' म्हणत असे. त्या दिवशी मी विचारले, "तू दिवसभर काय करतेस?"

तिने पिशवीतून एक हातोडी, एक भिंग व एक होकायंत्र काढले. वर्षातून काही दिवस त्यांना अभ्याससहलीस जावे लागते. उन्हात डोंगर चढायचा, खडक फोडायचा, त्याचा थर कोणत्या दिशेला किती कललेला आहे ते मोजायचे आणि नकाशावर नोंदवायचे. उरलेले दिवस प्रयोगशाळेत. तेथे दगडाची चकती घासून घासून इतकी पातळ करतात, की एका मिलिमीटरचे शंभर भाग कल्पिले तर तिची जाडी तीन भागांएवढी राहते. तिच्यातून प्रकाश आरपार जातो. मग खास सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून ती फिरविली, की काळाभोर दगड निळ्या-पिवळ्या-जांभळ्या कणांनी भरून जातो. हे सांगताना ताईचा आवाज बदलला. माहितीपत्रकात हे छापलेले नसते.

"हा विषय तू आवडीने घेतलास ना?" मी विचारले.

"नाही," ती हसून म्हणाली. "मला डॉक्टर व्हायचे होते. गुण कमी पडले. प्रवेशाच्या वेळी या विषयात जागा शिल्लक होती, म्हणून घेतला. पहिल्या वर्षी मला दोन खनिजे एकमेकांपासून ओळखता येत नसत. दोनदा मी ट्रंक भरली होती. दुसऱ्या वर्षी एका डोंगरावर सरांनी मला विचारले, 'हा थर पलीकडच्या टेकडीत कोठे असेल?' मी बोट दाखविले. जाऊन पाहिले तर तो तेथेच होता. त्या दिवसानंतर ट्रंक भरली नाही."

मला हे उत्तर इतर कोणत्याही उत्तरापेक्षा अधिक उपयोगी पडले. वडीलधारी मंडळी आपल्या शिक्षणाची कथा सांगतात तेव्हा ती बहुधा सरळ रस्त्यासारखी सांगतात. वळणे व खड्डे गाळून टाकतात.

रात्री जेवताना बाबांनी व्यवहाराचा प्रश्न काढला. "अगं, पण यातून नोकरी मिळते का?"

"मामा, मिळते, पण लगेच नाही आणि सर्वांना नाही," ताईने सरळ सांगितले. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था १८५१ मध्ये स्थापन झाली. तेथे भूवैज्ञानिक होण्यासाठी पदव्युत्तर पदवी घेऊन केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते, आणि जागा थोड्या असतात. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. खाणी आहेत. धरण, बोगदा किंवा रेल्वेमार्ग करताना खडक तपासावा लागतो. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनानगरला मोठा भूकंप झाला. त्या प्रदेशातील भूकंपांचा अभ्यास अजून चालू आहे व त्यासाठी तेथे ३ किलोमीटर खोल छिद्र पाडण्यात आले आहे. "पण पाच वर्षे शिकून मग परीक्षेची वाट पाहायची तयारी पाहिजे. ज्याला घर लगेच चालवायचे आहे, त्याने हा हिशोब आधी करावा."

"आणि मध्येच मन बदलले तर? सारी वर्षे फुकट!" बाबा म्हणाले.

तेव्हा ताईने इरावती कर्वे यांचे उदाहरण दिले. त्यांनी १९२६ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतली ती तत्त्वज्ञानात, मुंबईस पुढचा अभ्यास केला तो समाजशास्त्राचा, आणि बर्लिनला जाऊन संशोधन केले ते मानवशास्त्रात. बाबांना हे पूर्णपणे पटले असे मला वाटत नाही. बर्लिनला जाणे आणि आमच्या गावातून पुण्यास जाणे यांत अंतर आहे, असे ते म्हणाले, व तेही खोटे नव्हते.

जेवण झाल्यावर बाबांनी थोडा वेळ सुपारी कातरली आणि खालच्या आवाजात विचारले, "पोरी, तुला थरांचे कळते. दुसरी बोअर कोठे घेऊ, तेवढे सांगशील?"

सर्वजण तिच्याकडे पाहू लागले. आईसुद्धा चुलीपासून वळली.

"मामा, मी अजून विद्यार्थिनी आहे," ताई म्हणाली. "विहिरीत वाकून पाहून मी जागा सांगितली, तर माझ्यात आणि त्या नारळवाल्यात फरक काय राहिला? जमिनीत खुंट्या रोवून, वीजप्रवाह सोडून, खडक त्याला किती विरोध करतो हे मोजतात. ओलसर, भेगाळ थराचा विरोध कमी असतो. तेही अंदाजच, पण मोजलेला अंदाज. जिल्ह्याच्या ठिकाणी भूजलाचे कार्यालय आहे. सातबारा घेऊन तेथे चौकशी करा. तोवर नवे कर्ज काढू नका."

बाबा काही बोलले नाहीत. परंतु दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटीतून सातबारा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवलेला मी पाहिला.

जाताना ताईने मला बजावले, की एकट्या तिचेच ऐकू नये. म्हणून उरलेल्या सुट्टीत मी गावातील एका तरुणाकडे गेलो. तो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकत होता व सुट्टीत पंपांच्या जळालेल्या मोटारी भरून घरखर्चास हातभार लावीत होता. तारेचे वेढे मोजताना बोललेले त्याला आवडत नसे. त्यामुळे त्याचे उत्तर मिळण्यास दोन दुपारी लागल्या. कृषी महाविद्यालयातील एका मुलीने मला मातीचा नमुना कसा घ्यावा ते दाखविले. वाणिज्य शाखेचा एक विद्यार्थी तर माझ्या प्रश्नांवर रागावलाच. आपण दिवसभर काय करतो, असे त्याला पूर्वी कोणी विचारले नव्हते.

शाळा सुरू झाली तेव्हा मी 'इंजिनिअर' हा शब्द खोडून कागद दिला. वर्गशिक्षकांनी चष्मा वर करून विचारले, "अरे, ही ओळ रिकामी का?"

"सर, चौकशी चालू आहे," मी म्हणालो.

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले, त्या ठिपक्यांवर पेन्सिलीने माझेच शब्द लिहिले आणि कागद इतर कागदांत ठेवून दिला.