फॉर्म स्वतः भरा, पहिल्या डोसच्या आधी भरा

केमो चालू असताना विसर पडतो, वाचलेलं डोक्यात राहत नाही, बोलता बोलता शब्द अडतो. बाईनं हे घरात सांगितलं की उत्तर ठरलेलं असतं, "टेन्शन घेऊ नको, वयाचं आहे." मलाही तेच ऐकावं लागलं. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन होऊन केमो सुरू झाली तेव्हा मानवतमधल्या आमच्या बचत गटाची वही माझ्याकडे होती. कुणाचा हप्ता आला, कुणाचा थकला, हे मी वही न उघडता सांगायचे. दोनतीन डोस झाले आणि एकाच बाईला तिचा हप्ता मी दोनदा मागू लागले. बेरीज करताना हातचा कुठं गेला ते कळेना.

उपचाराच्या ठिकाणी एक प्रश्नावली देत. मी रक्त द्यायच्या रांगेत असायचे, म्हणून कागद बरोबरच्या माणसाच्या हातात पडायचा. कधी भाऊजींनी भरला, कधी मुलानं. लक्ष लागत नाही का, आठवत नाही का, या दोन्ही प्रश्नांपुढं प्रत्येक वेळी 'अजिबात नाही' अशी खूण. त्यांचा हेतू चांगलाच होता. आईला कमीपणा येऊ नये असं मुलाला वाटलं. पण मी तक्रार सांगितली तेव्हा डॉक्टरांनी फाइल उघडली, आणि फाइल म्हणत होती की बाई ठणठणीत आहे. माझ्या डोक्यात काय चाललंय हे लिहायचा अधिकार माझा होता, आणि तो कागद माझ्यापर्यंत आलाच नाही. म्हणून हे लिहिते आहे.

ही प्रश्नावली कामाची आहे. युरोपातल्या कॅन्सर संशोधन संस्थेनं केलेल्या ३० प्रश्नांच्या या फॉर्मचं मराठी रूप परळच्या टाटा मेमोरियलमध्ये स्तनाच्या कॅन्सरच्या बायांवर तपासून पाहिलं गेलं आणि त्याचे निष्कर्ष २००५ साली छापले गेले. त्यातले दोनच प्रश्न लक्ष आणि आठवण यांचे. उत्तरं चार: अजिबात नाही, थोडं, बऱ्यापैकी, खूप. त्यावरून ० ते १०० गुण निघतात, जास्त म्हणजे चांगलं. दोन्हीकडे 'थोडं' लिहिलं की गुण होतात सुमारे ६७. एका उत्तरात एक पायरी बदलली की सतराच्या आसपास फरक पडतो, म्हणून कंटाळून मारलेली एक खूणसुद्धा चित्र बदलते. याहून बारीक विचारणारी 'फॅक्ट-कॉग' नावाची ३७ प्रश्नांची यादी आहे. चारचौघांनी तुमचा विसराळूपणा बोलून दाखवला का, हेही तीत विचारतात. तक्रार जास्त असेल तर ती मिळते का, हे डॉक्टरांना विचारावं.

दोन्ही फॉर्म गेल्या आठवड्याबद्दल विचारतात, हे नीट ध्यानात ठेवा. डोसबरोबर स्टेरॉइड देतात, त्यानं दोनतीन रात्री झोप उडते. एकदा डोसनंतर चार दिवसांनी फॉर्म भरला आणि पुढच्या वेळी तीन आठवड्यांनी, तर दोन्हींची तुलना करून हाती काही लागत नाही. दर वेळी नव्या डोसच्या आधी, सकाळीच भरावा. आणि सगळ्यात मोलाचा फॉर्म म्हणजे पहिल्या डोसच्या आधीचा. तो नसेल तर किती घसरलं हे सांगायला आधारच उरत नाही.

लक्ष लागण्याचं उदाहरण म्हणून फॉर्ममध्ये पेपर वाचणं आणि टीव्ही बघणं दिलंय. आमच्याकडच्या कितीतरी बाया पेपर वाचत नाहीत. त्यांनी म्हणून 'अजिबात नाही' सांगू नये. कापूस वेचणीला कुणाचे किती किलो भरले हे तोंडपाठ असायचं, ते आता राहतं का? हरिपाठ म्हणताना अभंग मधेच तुटतो का? त्यावरून उत्तर द्यावं. वाचता येत नसेल तर नर्सताई किंवा आशाताईंकडून प्रश्न वाचून घ्यावा; नवऱ्यानं शेजारी बसावं, उत्तर मात्र सुचवू नये.

अमेरिकेत २०१७ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाच्या कॅन्सरच्या ५८१ बाया आणि त्याच वयाच्या निरोगी ३६४ बाया, दोन्हींना फॅक्ट-कॉग दिला. केमो संपून सहा महिने झाल्यावरही ३६.५ टक्के रुग्णांना आधीपेक्षा घसरण जाणवत होती. निरोगी बायांत १३.६ टक्के. म्हणजे ही तक्रार मनाचे खेळ म्हणून उडवून लावण्याची नाही. मात्र तोंडी सांगितलेली तक्रार आणि टेबलावर घेतलेली स्मरणाची चाचणी यांचं बरेचदा जुळत नाही. चाचणीत बरे गुण मिळाले म्हणून बाई खोटं बोलते असं होत नाही. थकवा, उदासी, काळजी यांचा भार तिच्या उत्तरात उतरलेला असतो, आणि त्यावर उपचार आहेत. म्हणून फॉर्म दाखवून हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप यांची चौकशी करून घ्यावी. पाळी अचानक बंद झाली असेल तर तेही सांगावं. आठवण वाढवायची चूर्णं डॉक्टरांना न विचारता केमोत घेऊ नयेत. झेपेल तितकं रोज चालावं. त्यानं थकवा कमी होतो हे तपासून सिद्ध झालंय.

अचानक भ्रम झाला, फिट आली, एक हात-पाय लुळा पडला, किंवा ताप १००.४ च्या वर गेला, तर फॉर्मबिर्म बाजूला ठेवून तडक दवाखाना गाठावा.

बायांनो, पुढच्या वेळी तो कागद बरोबरच्या माणसाच्या हातातून मागून घ्या. स्वतः भरा, तारीख घाला, मोबाइलवर फोटो काढून फाइलमध्ये एक प्रत ठेवा, आणि डॉक्टरांनी उघडला नाही तर तुम्ही त्यांच्यासमोर उघडून ठेवा.