जीवाणूची भिंत आणि कापसाची गासडी

कलाशाखेच्या विद्यार्थिनीने जीवाणूंवर लेख लिहावा, याचे आमच्या प्राध्यापकांना नवल वाटेल. पण हा विषय मी ग्रंथालयात शोधला नाही. तो कॉटन ग्रीनच्या आमच्या खोलीत आपण होऊन चालत आला. माझ्या थोरल्या काकांना क्षय झाला. पालिकेच्या दवाखान्यातून सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत खोकला थांबला, अंगावर मांस आले आणि काकांनी गोळ्या सोडल्या. "आता मला काय धाड भरलीय?" हा त्यांचा सवाल. त्याचे उत्तर द्यायचे म्हणून मी वाचू लागले आणि एका भिंतीपाशी येऊन थांबले.

आपल्या शरीरातील पेशीला पातळ पटल असते, भिंत नसते. बहुतेक जीवाणूंना मात्र पटलाबाहेर भिंत असते. त्यांच्या पेशीत क्षार, शर्करा, प्रथिने दाटीवाटीने भरलेली असतात; त्यामुळे बाहेरचे पाणी आत शिरू पाहते आणि आतला दाब वाढतो. भिंत नसेल तर पेशी फुटेल. हे वाचताना मला आजोबा आठवले. ते इथल्या कापसाच्या गोदामात हमाल होते. यंत्राने दाबलेली गासडी लोखंडी पट्ट्यांच्या जोरावर टिकते, पट्टी तुटली की कापूस फुगून बाहेर येतो, असे ते सांगत. जीवाणूची भिंत म्हणजे त्याच्याभोवतीची पट्टीच होय.

ही पट्टी पेप्टिडोग्लायकॅन नावाच्या पदार्थाची असते. दोन प्रकारच्या शर्करा एकाआड एक गुंफून तिचे लांब धागे तयार होतात आणि अमिनो आम्लांच्या आखूड साखळ्या हे धागे एकमेकांना आडवे जोडतात. गिरणगावच्या वाचकाला उभ्या-आडव्या धाग्यांची वीण वेगळी समजावून सांगायला नको.

१८८४ साली हान्स क्रिस्टियन ग्राम या डॅनिश वैद्याने जीवाणू रंगवण्याची एक रीत प्रसिद्ध केली. जांभळा रंग व आयोडीन देऊन मग अल्कोहोलने धुतले असता काही जीवाणू रंग धरून ठेवतात, काही सोडतात. पहिल्यांना ग्रामरंजी म्हणू. त्यांची भिंत जाड असते. दुसऱ्यांची भिंत पातळ, पण तिच्याबाहेर स्निग्ध द्रव्याचे आणखी एक पटल असते. १८९६ साली मुंबईत थैमान घालणारा प्लेगचा जीवाणू या दुसऱ्या गटातला.

१९२८ साली अलेक्झांडर फ्लेमिंग यांना सापडलेले पेनिसिलिन नेमके या भिंतीवर घाव घालते. ते आडवे टाके पडू देत नाही. वाढणाऱ्या जीवाणूची भिंत कच्ची राहते आणि तो फुटतो. आपल्या पेशींना भिंतच नसल्यामुळे हा घाव आपल्यावर पडत नाही.

मग पेनिसिलिनने क्षय का बरा होत नाही? रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये ज्याचा शोध जाहीर केला, तो क्षयाचा जीवाणू वेगळाच गडी आहे. एक तर तो पेनिसिलिनचे तुकडे करणारे विकर बाळगतो. शिवाय त्याच्या पेप्टिडोग्लायकॅनवर अरॅबिनोगॅलॅक्टन या शर्करेचा थर आणि त्यावर मायकोलिक आम्ले या लांबलचक मेदाम्लांचा मेणासारखा लेप असतो. म्हणून थुंकीच्या काचपट्टीवर लाल रंग तापवून आत घालावा लागतो. मात्र एकदा शिरलेला रंग आम्लानेही निघत नाही. सूक्ष्मदर्शकात निळ्या पार्श्वभूमीवर दिसणाऱ्या लाल काड्या त्या याच.

काकांच्या गोळ्यांतील आयसोनियाझिड मायकोलिक आम्ले तयार होऊ देत नाही, तर इथॅम्ब्युटॉल अरॅबिनोगॅलॅक्टनचे काम अडवते. म्हणजे ही दोन औषधे गवंड्यांचे हात धरतात. पण बांधकाम चालू असेल तरच ना! आतड्यातील साधा ई. कोलाय जीवाणू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. क्षयाच्या जीवाणूला सुमारे एक दिवस लागतो, आणि त्यातले काही तर निपचित पडून राहतात. ते भिंत बांधत नाहीत, म्हणून भिंतीवरच्या औषधाला दादही देत नाहीत. यासाठी रिफॅम्पिसिनसारखी वेगळ्या जागी मारा करणारी औषधे जोडीला लागतात, आणि महिनोन्‌महिने लागतात. मध्येच थांबलो तर उरलेले पुन्हा उठतात. आणि अर्धवट, अनियमित औषधांत औषधाला न जुमानणारे तेवढे तगून वाढतात.

एका रात्री हे सारे मी काकांना गासडीच्या भाषेत सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "म्हणजे पोरी, खोकला गेला तरी माल गोदामातच आहे म्हण की!" दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. पुन्हा थुंकी तपासली आणि उपचार नव्याने सुरू झाले. वाया गेलेले दिवस परत आले नाहीत, पण या खेपेस काकांनी एकही दिवस चुकवला नाही.

आमच्या पुढचेच स्थानक शिवडी. तिथल्या क्षयरोग रुग्णालयाचे नाव घेताना आमच्या चाळीत आजही आवाज खाली येतो. मित्रहो, तुमच्याही घरी कोणी "आता बरा झालो" म्हणून गोळ्या ठेवून देत असेल, तर त्याला रागावू नका. जवळ बसा आणि या भिंतीची गोष्ट सांगा.