सरकारसाठीही कायदा

‘वकील’, ‘फिर्याद’, ‘कायदा’ हे शब्द तुम्हांला परके नाहीत. उर्दूत ‘कायदा’ म्हणजे नियम किंवा अक्षरे शिकवणारे छोटे पुस्तक. मराठीत ‘कायदा’ म्हणजे ‘कानून’. कायदा आपण सर्वांनी पाळायचा असतो. पण सरकार स्वतः कायद्याने वागते की नाही, हे कोणी पाहायचे? कॅनडा देशातील ऑन्टारिओ प्रांताने याचे उत्तर कायद्यातच लिहून ठेवले आहे.

कॅनडात १८६७ च्या घटना कायद्याने कामांची वाटणी झाली. कोणते कृत्य गुन्हा मानायचे, हे देशाची संसद ठरवते. प्रांतातील न्यायदानाची व्यवस्था मात्र प्रांत सरकार पाहते. त्यासाठी प्रांताला न्याय खाते लागते. ऑन्टारिओत या खात्याच्या मंत्र्याला महान्यायवादी म्हणतात. भारतात महान्यायवादी केंद्र सरकारला कायद्याचा सल्ला देतात, पण ते मंत्री नसतात. हा फरक लक्षात ठेवा.

आता १९६४ सालची हकिकत ऐका. त्या वेळी फ्रेड कॅस हे ऑन्टारिओचे महान्यायवादी होते. गुन्हेगारांच्या टोळ्यांना आळा घालण्यासाठी त्यांनी विधानसभेत एक विधेयक मांडले. त्यानुसार पोलीस आयोगाला कोणाचीही गुप्तपणे चौकशी करता येणार होती. उत्तर द्यायला नकार देणाऱ्याला तुरुंगात टाकता येणार होते. त्याला वरच्या न्यायालयात दादही मागता येणार नव्हती.

लोक संतापले. वर्तमानपत्रांनी टीका केली. विरोधी पक्षच नव्हे, तर सरकार पक्षातील सभासदही विरोधात बोलले. थोड्याच दिवसांत कॅस यांनी राजीनामा दिला. विधेयकातील ती कलमे गाळण्यात आली. नागरिकांच्या हक्कांचे रक्षण कसे करावे, हे शोधण्याचे काम प्रांताचे मुख्यमंत्री जॉन रोबार्ट्स यांनी न्यायमूर्ती मॅक्रूअर यांच्याकडे सोपवले. त्यांचा पहिला अहवाल १९६८ मध्ये आला.

त्यानंतर १९६९ मध्ये ऑन्टारिओत न्याय खात्याचा कायदा झाला. १९७२ मध्ये खात्याचे नाव बदलून ‘महान्यायवादी मंत्रालय’ झाले. मंत्र्याची कर्तव्ये कायद्यात एकेक करून दिली आहेत. सरकारला कायद्याचा सल्ला देणे, न्यायदानाच्या व्यवस्थेवर देखरेख ठेवणे, सरकारतर्फे व सरकारविरुद्ध चालणारे दावे सांभाळणे ही त्यांतील काही कामे. पण एक कर्तव्य फार महत्त्वाचे आहे. सरकारचा कारभार कायद्यानुसार चालतो की नाही, हे महान्यायवादीने पाहायचे असते. म्हणजे मंत्रिमंडळात बसणाऱ्या माणसानेच वेळ पडली तर आपल्या सोबत्यांना सांगायचे, “थांबा, हे कायद्यात बसत नाही!”

या खात्याच्या अधिकारांना मर्यादाही आहेत. न्यायालयांसाठी इमारती व कर्मचारी पुरवणे हे खात्याचे काम. निकाल मात्र न्यायाधीशच देतात. त्यात मंत्र्याला ढवळाढवळ करता येत नाही. तसेच एखाद्यावर खटला चालवावा की नाही, हे ठरवताना महान्यायवादीने पक्षाचा फायदा पाहायचा नसतो. त्याने पुरावा आणि लोकहित पाहायचे असते.

मित्रांनो, अधिकार कागदावर नीट लिहिले, की त्यांच्या मर्यादाही सर्वांना दिसतात. पण नुसत्या कागदाने भागत नाही. १९६४ मध्ये ते विधेयक लोकांनी वाचले, समजून घेतले आणि वेळीच आवाज उठवला. म्हणून कायदा वाचता येणे, समजणे आणि त्यावर प्रश्न विचारणे हेही नागरिकाचे कर्तव्यच आहे.

स्वाध्याय

१. १९६४ च्या विधेयकाला लोकांनी विरोध का केला?
२. महान्यायवादीची कोणतीही तीन कर्तव्ये लिहा.
३. ‘दाद मागणे’ आणि ‘आळा घालणे’ यांचा वाक्यांत उपयोग करा.
४. निकाल देण्याचे काम मंत्र्याकडे असते तर काय झाले असते? पाच ओळी लिहा.