खेळाडूंचे चित्रपत्ते : प्रकार व पारख



मधल्या सुटींत व्हरांड्याच्या कोपऱ्यांत तुमची जी देवघेव चालते, ती आम्हां शिक्षकांच्या नजरेंतून सुटत नाहीं. डहाणूच्या बाजारांतून आलेला क्रिकेटपटूचा पत्ता हातोहात फिरत चार दिवसांत तलासरीच्या एखाद्या पाड्यावर जाऊन पोंचतो. कित्येक पालक हे पत्ते केर समजून फेंकून देतात, तर कित्येक मुलें खाऊचे सारे पैसे त्यांवर उधळतात. दोघांनाही त्यांची खरी ओळख व्हावी, एवढाच या लेखाचा हेतु.

पहिला प्रकार सिगारेटच्या पाकिटांतील पत्त्यांचा. पूर्वीं हीं पाकिटें मऊ कागदाचीं असत. आंतील माल चुरगळूं नये म्हणून त्यांत जाड कागदाचा तुकडा घालीत. त्यावर चित्र छापल्यास गिऱ्हाईक वाढेल, हें व्यापाऱ्यांनीं हेरलें. इंग्लंडांत विल्स कंपनीनें १८९६ मध्यें पन्नास क्रिकेटपटूंची मालिका काढली. पुढें दुसऱ्या महायुद्धांत कागदाची टंचाई झाली आणि १९४० मध्यें तेथील ही प्रथा बंद पडली. अमेरिकेचा बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचा १९०९ च्या सुमाराचा पत्ता याच जातीचा. त्यानें आपलें चित्र छापणें थांबविलें. तंबाखूच्या विक्रीसाठीं तें मुलांच्या हातीं जावें हें त्यास रुचलें नाहीं, असें कित्येक म्हणतात. वाद मोबदल्याचा होता, असें दुसरे म्हणतात. थोड्याच प्रती बाहेर पडल्यामुळें तो पत्ता आज अतिशय दुर्मिळ आहे.

दुसरा प्रकार बबलगमबरोबर मिळणाऱ्या पत्त्यांचा. आपल्याकडे १९८० नंतरच्या दशकांत ‘बिग फन’ बबलगमबरोबर क्रिकेटपटूंचीं चित्रें मिळत. तीं तुमच्या वडिलांस आठवत असतील.

तिसरा प्रकार ट्रंप कार्डांचा. यांवर सामने, धावा, बळी व झेल छापलेले असतात. ज्याचा आकडा मोठा, तो दुसऱ्याचा पत्ता जिंकतो.

चौथा प्रकार आजच्या बंद पाकिटांतील पत्त्यांचा. त्यांत साधे पत्ते पुष्कळ आणि विशेष पत्ते विरळा. खेळाडूच्या पदार्पणकाळचा, त्याच्या स्वाक्षरीचा, त्याच्या सदऱ्याचा तुकडा बसविलेला, मोजक्याच प्रती काढून क्रमांक घातलेला, असे विशेष पत्त्यांचे पोटभेद आहेत.

पारख करतांना तीन गोष्टी पाहाव्या : पत्ता अस्सल आहे कीं नक्कल, तो किती दुर्मिळ आहे, आणि त्याचे कोपरे, कडा व पृष्ठभाग कितपत शाबूत आहेत. मिकी मँटल या बेसबॉलपटूचा टॉप्स कंपनीचा १९५२ चा एक पत्ता २०२२ मध्यें १ कोटी २६ लक्ष डॉलरांस विकला गेला. त्या वर्षींचे न खपलेले पत्ते कंपनीनें पुढें समुद्रांत बुडविले, असें सांगतात!

परंतु ही गोष्ट ऐकून कोणीं भुलूं नये. लक्षावधि पत्त्यांस कवडीचीही किंमत येत नाहीं. बंद पाकीट घेणें म्हणजे सोडतीचें तिकीट घेण्यासारखेंच; हवें तें निघेपर्यंत पैसे घालीत राहाणें हा जुगाराचा पहिला धडा होय. तसेंच, लहान मुलाच्या अज्ञानाचा फायदा घेऊन त्याचा चांगला पत्ता दोन फाटक्या पत्त्यांवर उपटणें ही हुषारी नव्हे, लबाडी आहे.

ज्याच्याजवळ पैसे नाहींत, त्यानें खट्टू होऊं नये. पुठ्ठ्याचे तुकडे कापा; एका बाजूस चित्र काढा, दुसऱ्या बाजूस माहिती लिहा. पहिला पत्ता विजय हजारे यांचा करा : जन्म १९१५, सांगली, महाराष्ट्रीय ख्रिस्ती कुटुंब, जानेवारी १९४८, ॲडलेड कसोटी, ११६ व १४५ धावा. दुसरा आपल्या पालघरच्या शार्दूल ठाकूर यांचा : जन्म १९९१, सरावासाठीं लोकलगाडीनें मुंबईचा प्रवास, जानेवारी २०२१, ब्रिस्बेन कसोटी, पहिल्या डावांत ६७ धावा, सामन्यांत ७ बळी. या माहितीसाठीं वाचनालयांत बसावें लागेल, आकडे पडताळावे लागतील.

पालकांसही एक विनंति. मुलाचा डबा रिकामा करण्यापूर्वीं त्यांतला एखादा पत्ता उचलून, “हा कोण रे?” असें त्यास विचारा. त्याला उत्तर देतां आलें, तर तो केर नव्हे.