पावलाची नाडी आधी पाहा

गुडघ्यामागच्या खळगीतून पायाची मुख्य रोहिणी जाते, हे मला भाच्याच्या अपघातानंतर कळलं. गळीत हंगामात राधानगरी रस्त्याला उसाच्या ट्रॉलीला लोंबकळणारी पोरं आपल्याकडं नवी नाहीत. त्यातलाच हा एक, नऊ वर्षांचा. खाली पडला आणि पाय चाकाखाली सापडला. रक्त फारसं आलं नव्हतं, गुडघा मात्र टम्म सुजला होता.

"तालमीतल्या वस्तादांकडं न्या, चोळून हाड बसवतील," असं जमलेल्यांपैकी दोघं-तिघं म्हणाले. आक्कानं ऐकलं नाही. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे निघाला. मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं होतं. स्लॅब बांधला, दुखायचं थांबवायला इंजेक्शन दिलं आणि हाड उद्या बसवू असं सांगितलं. पोरगं रडायचं काही थांबेना. मध्येच म्हणालं, "मामा, माझी बोटं कुठं हाईत?" औषधाच्या गुंगीत बोलतोय, असं उत्तर मिळालं.

रात्रपाळीच्या तरुण डॉक्टरांनी दोन्ही पावलांवर हात ठेवला. एक कोमट, एक गार. पट्टी सैल करून नाडी चाचपली, ती लागेना. "इथं थांबू नका, रोहिणी शिवणाऱ्या सर्जनकडं पोचा," म्हणत त्यांनी स्वतःच कोल्हापूरला फोन लावला. एक्स-रेत हाड दिसतं, रक्तवाहिनी दिसत नाही. तिच्यासाठी पावलाला हातच लावावा लागतो.

पाय वाचवायचं घड्याळ दवाखान्यात पोचल्यावर नाही, पाय चेंगरल्या क्षणापासून सुरू होतं. रक्तपुरवठा पूर्ण तुटला तर साधारण सहा तासांनंतर स्नायू आणि नसा कायमच्या जाऊ लागतात. दुसऱ्या महायुद्धात तुटलेली रोहिणी बहुतेक वेळा बांधून टाकत. गुडघ्यामागच्या रोहिणीला जखम झालेल्या सैनिकांपैकी दहातल्या सातांहून अधिकांचे पाय त्या काळी कापावे लागले. कोरियाच्या युद्धापासून ती शिवायची पद्धत रुळली आणि हे प्रमाण खूप खाली आलं.

भाच्याच्या शस्त्रक्रियेत आधी रोहिणीच्या दोन तुटक्या टोकांत तात्पुरती नळी बसवून पायाला रक्त सुरू केलं. मग बाहेरून सळ्या लावून हाड स्थिर केलं. टोकाला फुगा असलेली बारीक नळी सारून गुठळ्या काढल्या आणि दुसऱ्या पायातली एक शीर काढून, उलटी करून, मधल्या तुटक्या भागात जोडली. उलटी अशासाठी, की शिरेतल्या झडपा रक्ताच्या वाटेत आडव्या येऊ नयेत. मुलांची रोहिणी बारीक असते, धक्क्यानं आकसते आणि तिला पुढं वाढायचं असतं. सलग टाका पायजम्याच्या नाडीसारखा आवळून बसू शकतो, म्हणून सर्जननी सुटे टाके घातले.

रक्त परत आलं की उपाशी राहिलेले स्नायू सुजतात. ती सूज आतल्या आत कोंडली तर पाय पुन्हा मरतो. म्हणून पोटरीला दोन्ही बाजूंनी लांब चिरा देऊन जखम उघडी ठेवतात आणि नंतर बंद करतात, कधी त्यावर त्वचा लावतात. ते बघून आक्काचा धीर सुटला होता. पण या चिरांना सही देताना कुणी घुटमळू नये. पाय वाचतो तो त्यांच्यामुळंच.

आता इतरांसाठी. पोराचा पाय गुडघ्याजवळ मोडला किंवा चेंगरला, की दोन्ही पावलं शेजारी ठेवून रंग, ऊब, बोटांची हालचाल आणि स्पर्श कळतो का ते पाहा. नाडी पावलाच्या वर आणि आतल्या घोट्यामागं लागते. लहान मुलांत ती सापडणं अवघड, म्हणून डॉक्टरांनाच विचारा, "पावलाची नाडी लागते का? डॉप्लर यंत्रावर ऐकली का?" आणि वेळेसह कागदावर लिहून घ्या. पाऊल गुलाबी दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. बाजूच्या बारीक वाहिन्या काही काळ रंग टिकवतात.

रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडानं जखमेवरच घट्ट दाबून धरा. हळद, चहापूड भरू नका. दाबूनही थांबेना आणि जीवावर बेतलं, तरच जखमेच्या वर रुंद पट्टा आवळा, वेळ लिहा आणि वाटेत तो सोडू नका. रक्त नसेल तर काही आवळू नका. पाय चोळू नका, शेकू नका, बर्फ लावू नका. आहे तसा फळीला आधारून ठेवा. भूल द्यावी लागेल, म्हणून खायला-प्यायला देऊ नका.

१०८ ला फोन करताना "पाय गार पडलाय" हे आधी सांगा. गगनबावड्यासारख्या लांबच्या गावांतून निघताना रक्तवाहिन्यांचे सर्जन रात्री आहेत का, हे फोनवर विचारूनच दवाखाना ठरवा. नाहीतर दोन दवाखान्यांच्या दारातच तास जातात. खर्चासाठी घरातल्या एकानं आरोग्यमित्राला गाठून महात्मा फुले योजनेचं विचारावं, दुसऱ्यानं पोराजवळून हलू नये.

प्लास्टरनंतर पोरगं बेचैन झालं, दुखण्याचं औषध सारखं मागू लागलं, बोट हलवताच किंचाळलं, तर सकाळची वाट न पाहता पट्टी सोडवायला लावा.

भाचा आज चालतो, जरासा लंगडतो. तरी फेऱ्या संपलेल्या नाहीत. जोडलेली शीर उघडी आहे का ते सोनोग्राफीवर बघतात आणि दोन्ही पायांची लांबी मोजतात, कारण जखमी पाय वाढीत मागं पडू शकतो. पोराची उंची वाढायची थांबेपर्यंत ही तपासणी सोडू नका.